अॅक्सल बदलल्यावर ब्रेकचं पेडल खाली जातंय? एअर काढणं थांबवा, आधी मापं घ्या

लक्षण ठरलेलं असतं. जुन्या पिकअपचे अर्धा टनी अॅक्सल काढून एक टनी बसवले, नवे होज टाकले, ब्रेक ऑइल भरलं, चारही चाकांच्या ब्रेकमधली एअर काढली. तरी पहिल्या दाबाला पेडल जवळजवळ फ्लोअरला टेकतं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की अर्ध्यावर, तिसऱ्यांदा दाबलं की वर आणि घट्ट. दोन मिनिटं थांबून पुन्हा दाबलं की परत खाली. मग माणूस म्हणतो, कुठेतरी एअर राहिलीय, आणि पुन्हा एअर काढायचं निप्पल सोडायला गाडीखाली शिरतो.

मी चार वेळा शिरलो. १९७९ ची शेव्हरोले के-१०, राहायला अमेरिकेतल्या ओहायोत, ड्राइव्हवेच्या थंडगार सिमेंटवर पाठ टेकून. वर बायको सीटवर बसून "दाबलं... धरलंय... सोडू?" करत होती. चौथ्या शनिवारी तिने सीटवर उशी आणि पुस्तक आणलं, तेव्हा मला कळलं की आपली पद्धत चुकतेय.

ज्यांना या गाड्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७३ ते १९८७ च्या या चौकोनी शेव्हरोले पिकअपमध्ये नावातला 'के' म्हणजे फोर-व्हील-ड्राइव्ह. पुढचा आकडा माल वाहण्याच्या ढोबळ वर्गाचा, १० म्हणजे अर्धा टनी, २० म्हणजे पाऊण टनी आणि ३० म्हणजे एक टनी. अर्धा टनीच्या चाकाला सहा नट, वरच्या दोन्हींना आठ. मोठी टायर घातली की अर्धा टनीचे अॅक्सल कुरकुरायला लागतात. मग लोक जंकयार्डमधून के-३० चा पुढचा डाना ६० अॅक्सल आणि मागचा 'चौदा बोल्टी' फुल-फ्लोटर (गाडीचं वजन शाफ्टवर न येऊ देणारा) उचलून आणतात. पाट्यांच्या जागा जुळतात, यू-बोल्ट आवळले की अॅक्सल बसला. लोखंडाचं काम एका आठवड्यात उरकतं आणि खरी पीडा ब्रेकमध्ये सुरू होते, कारण अॅक्सलबरोबर एक टनी गाडीचे कॅलिपर (पुढच्या डिस्कवर पॅड दाबणारे) आणि मागचे ड्रम आले, पण बोनेटखालचा मास्टर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा सिलिंडर, अर्धा टनीचाच राहिला.

ही गोष्ट मला सांगितली सांगलीच्या मामांनी, फोनवर. मामांनी उभा जन्म टेंपो आणि ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात घालवला. शेव्हरोले त्यांनी फक्त मी पाठवलेल्या फोटोत पाहिलीय.

"मामा, चार वेळा एअर काढली, पेडल खालीच जातंय."

"पंप केल्यावर वर येतं का?"

"येतं. आणि वर आल्यावर घट्ट लागतं."

"स्पंजासारखं दबत नाही ना? मग एअर गेलीय रे बाबा. तुझा मास्टर बारका पडतोय. सायकलच्या पंपाने ट्रॅक्टरचं टायर भरतोयस तू. किती सुताचा आहे मास्टर?"

मला माहीत नव्हतं. तीन महिने गाडीवर खपत होतो, व्हर्नियर ड्रॉवरमध्ये होता, आणि मास्टरचं माप मी एकदाही घेतलं नव्हतं.

मापं काय निघाली

मास्टरचं बोअर (आतला व्यास) निघालं १ १/८ इंच, म्हणजे मामांच्या भाषेत एक इंच एक सूत. जुन्या अर्धा टनी अॅक्सलचा कॅलिपर अजून गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेला होता. त्याचा पिस्टन २ १५/१६ इंच, तीन इंचाला अर्धा सूत कमी. नव्या डाना ६० च्या कॅलिपरचा पिस्टन ३ ३/८ इंच, तीन इंच तीन सूत. नुसतं बघून फरक फारसा वाटत नाही. पण ब्रेकमध्ये व्यास चालत नाही, क्षेत्रफळ चालतं, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. जुना पिस्टन ४३.७ चौरस सेंटिमीटर, नवा ५७.७. जवळजवळ एक तृतीयांशाने मोठा. पॅड तेवढंच सरकवायचं असेल तरी एक तृतीयांश जास्त ऑइल लागणार, आणि ते ढकलणारा मास्टर मात्र तोच, ६.४ चौरस सेंटिमीटरचा.

पेडलवर याचा हिशोब कसा लागतो ते बघू. समजा जोरात ब्रेक लावल्यावर प्रत्येक कॅलिपरचा पिस्टन ०.४ मिलिमीटर सरकतो. हा आकडा फक्त हिशोबापुरता धरलाय. जुन्या दोन कॅलिपरना मिळून साधारण ३.५ सीसी ऑइल लागेल. त्यासाठी मास्टरचा पिस्टन साडेपाच मिलिमीटर जाईल, आणि पेडलचं गुणोत्तर ४ (मास्टरच्या पिस्टनच्या चौपट पाय चालतो) धरलं तर पाय २२ मिलिमीटर खाली जाईल. नव्या कॅलिपरना ४.६ सीसी लागेल. त्याच मास्टरने पाय २९ मिलिमीटर खाली. मास्टर सव्वा इंची केला, म्हणजे ७.९ चौरस सेंटिमीटर, तर पाय पुन्हा २३ वर येतो.

जुनी जोडी २२, नवी जोडी २३. कारखान्याने मोठ्या कॅलिपरला मोठा मास्टर का दिला ते एवढ्यावरूनच दिसतं.

मग तुम्ही म्हणाल, सात मिलिमीटरने पेडल फ्लोअरला कसं टेकेल? बरोबर. नुसत्या पुढच्या कॅलिपरने टेकत नाही. मी लगेच नवा मास्टर मागवायला निघालो होतो. "थांब," मामा म्हणाले, "मागचे लायनर टाइट केलेस का?"

मागचे ड्रम

टँडेम मास्टरमध्ये पुढच्या आणि मागच्या ब्रेकचे दोन पिस्टन एकामागोमाग असतात. दोघांना लागणारी चाल पेडलवर एकत्र जमा होते. म्हणून मागचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे पट्टे, ढिले असतील तर त्याचा पूर्ण भुर्दंड पेडलवर पडतो.

माझ्या चौदा बोल्टीचे व्हील सिलिंडर (ड्रममध्ये लायनर ढकलणारे) १ १/१६ इंची, एका सिलिंडरमध्ये दोन पिस्टन, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चार. लायनर नीट टाइट असेल आणि प्रत्येक पिस्टन १ मिलिमीटर सरकत असेल, तर २.३ सीसी लागतं, पायाला साधारण १४ मिलिमीटर. लायनर ढिला असेल आणि पिस्टनला ३ मिलिमीटर जावं लागत असेल, तर पायाला ४३ मिलिमीटर. हा जवळजवळ तीन सेंटिमीटरचा फरक फुकटात दुरुस्त होतो. अॅडजस्टरच्या दातेरी चाकाला, म्हणजे स्टार व्हीलला, पेचकस लावायचा आणि चाक हाताने फिरवताना लायनर हलकासा घासेपर्यंत वाढवत जायचं.

मी ते का केलं नव्हतं? कारण या ड्रमला स्वतः जुळवून घेणारा अॅडजस्टर असतो, आणि मी त्याच्या भरवशावर होतो. तो काम करतो गाडी रिव्हर्समध्ये असताना ब्रेक मारला की. माझी गाडी तीन महिने जॅकस्टँडवर उभी होती. शिवाय जंकयार्डमधून आणलेल्या अॅडजस्टरचा आटा गंजून घट्ट झालेला होता. अॅडजस्टर उघडून, साफ करून, आट्याला ग्रीस लावा. डावा आणि उजवा यांचे आटे उलटे असतात, अदलाबदल केली तर अॅडजस्टर लायनर आवळण्याऐवजी ढिला करत जातो. आणि आखूड लायनरचा शू (लायनर बसवलेली लोखंडी कमान) गाडीच्या पुढच्या बाजूला, लांब लायनरचा मागच्या बाजूला.

एक वैतागाची गोष्ट. जुन्या चौदा बोल्टीचा ड्रम हबच्या आतल्या बाजूने बसवलेला असतो. लायनर नुसते बघायचे म्हटलं तरी अॅक्सल शाफ्टचे आठ बोल्ट सोडा, शाफ्ट ओढा, हबमधला मोठा नट काढा, मग हब आणि ड्रम एकत्र उचलून बाहेर. पाठ धरली माझी. एवढं उघडलंच आहे तर ऑइल सील नवं टाका. सील गळलं तर डिफरन्शियलचं ऑइल लायनरवर येतं, ते चाक कधी धरतं कधी धरत नाही, आणि मग गाडी एका बाजूला ओढते म्हणून लोक पुढचे कॅलिपर उघडत बसतात.

लायनर टाइट केल्यावर पेडल फ्लोअरवरून दोन बोटं वर आलं. अजून खाली होतं, पण गाडी गल्लीत फिरवता आली.

पेडल काय सांगतं ते ओळखा

पुढे जाण्याआधी हे नीट समजून घ्या, नाहीतर सगळ्या तक्रारींना एकच औषध दिलं जातं.

पहिल्या दाबाला खाली आणि पंप केल्यावर वर, घट्ट, म्हणजे कुठेतरी मोकळी जागा भरायला जास्त ऑइल लागतंय. ढिले लायनर, बारका मास्टर, किंवा पुढच्या हबचं बेअरिंग ढिलं असल्याने डिस्क वेडीवाकडी फिरते आणि पॅडना मागे ढकलते. या शेवटच्या प्रकारात गंमत अशी की उभ्या गाडीत पेडल छान असतं, खड्ड्यातून किंवा वळणावरून आलं की पहिला दाब वाया जातो. डाना ६० च्या स्पिंडलचे नट कसे आवळलेत ते तिथे बघायचं.

कितीही पंप केलं तरी पेडल स्पंजासारखं दबतं, तर एअर आहे, किंवा रबरी होज फुगतोय.

पाय दाबून धरला की पेडल हळूहळू बुडतं आणि बाहेर कुठेही गळत नाही, तर मास्टरचं आतलं रबर गेलंय.

पेडल दगडासारखं वर आणि गाडी थांबत नाही, तर मास्टर गरजेपेक्षा मोठा आहे किंवा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) झोपलाय. ही चूक दुसऱ्या टोकाची, आणि बरेच जण करतात. "मोठा मास्टर म्हणजे भारी ब्रेक" म्हणून जुन्या छोट्या कॅलिपरवर सव्वा इंची मास्टर चढवतात. पायाचा जोर तोच ठेवला तर ऑइलचा दाब जवळजवळ एक पंचमांशाने कमी होतो. पेडल कडक लागतं म्हणून माणूस खूश, आणि थांबायला अंतर जास्त.

चाचणी कशी घ्यायची

मास्टरवर शंका असेल तर त्याच्या दोन्ही तोंडांचे पाइप काढून तिथे प्लग आवळा आणि पेडल दाबा. पेडल वर आणि दगडासारखं लागलं पाहिजे. नसेल तर दोष मास्टरमध्येच आहे, खाली चाकांकडे जाऊ नका. बऱ्याचदा मास्टर गाडीवर चढवण्याआधी बाकावर धरून त्याची एअर काढलेली नसते. गाडीवर मास्टर थोडा तिरका बसतो, पुढचं टोक वर, आणि तिथे अडकलेला बुडबुडा चाकाच्या निप्पलमधून कधीच येत नाही. मास्टर शिकंज्यात आडवा धरून, तोंडांतून नळ्या परत टाकीत सोडून, बुडबुडे थांबेपर्यंत दांडा सावकाश आतबाहेर करायचा.

प्लग लावून पेडल छान असेल तर एकेक सर्किट परत जोडा. पुढचं जोडल्यावर किती खाली गेलं, मागचं जोडल्यावर किती, हे पट्टीने मोजून लिहा. माझ्या वहीत पुढचं आणि मागचं जवळजवळ सारखंच निघालं. त्यावरून एक पान हिशोब झाला आणि चार शनिवारांचं काम अर्ध्या तासात संपलं.

स्पंजासारखं लागत असेल तर आधी कॅलिपरकडे डोळे उघडून बघा. एअर काढायचं निप्पल वरच्या टोकाला आहे का? डावा कॅलिपर उजवीकडे बसला की निप्पल खाली येतं. बोल्ट सगळे बसतात, पॅड बसतं, काही चुकलंय असं वाटत नाही. पण बुडबुडा वरच राहतो, निप्पल खाली, दिवसभर ऑइल ओतलं तरी एअर निघणार नाही. अॅक्सल बदलणाऱ्यांच्या तक्रारींत हा प्रकार इतका येतो की मी आता कोणी विचारलं तर पहिला फोटो निप्पलचा मागतो.

प्रेशर ब्लीडर (टाकीला दाब देऊन एअर काढणारं साधन) वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. या गाड्यांच्या पुढच्या-मागच्या ब्रेकला दाब वाटणाऱ्या कॉम्बिनेशन व्हॉल्व्हमध्ये मीटरिंगचा भाग असतो. मागच्या लायनरच्या स्प्रिंगा ताणून ते ड्रमला टेकेपर्यंत पुढच्या डिस्कचं ऑइल तो अडवून धरतो, म्हणजे हलक्या ब्रेकला नुसतं नाक खाली जात नाही. ब्लीडरच्या कमी दाबाला हा भाग पुढची वाट बंद ठेवतो. व्हॉल्व्हची पिन धरून ठेवल्याशिवाय पुढच्या चाकांना ऑइल नीट जात नाही. पेडलने काढताना दाब भरपूर असतो, तिथे ही अडचण येत नाही.

फक्त मागचा अॅक्सल बदलला असेल तर

ही वेगळी आणि जास्त घातक तक्रार आहे. पेडल ठीक असतं, पण पाऊस पडल्यावर रिकाम्या गाडीत ब्रेक मारला की मागची चाकं अडकतात आणि गाडीची शेपूट पुढे यायला बघते.

माझ्या जुन्या मागच्या अॅक्सलला ११.१५ इंची ड्रम आणि १ इंची व्हील सिलिंडर होता. चौदा बोल्टीला १३ इंची ड्रम आणि १ १/१६ इंची सिलिंडर. सिलिंडरमुळे जोर १३ टक्क्यांनी वाढला. ड्रमची त्रिज्या मोठी, त्यामुळे आणखी सुमारे १७ टक्के. दोन्ही गुणले की मागचा ब्रेक जवळजवळ एक तृतीयांशाने तगडा झाला. पुढचा डाना ६० सुद्धा बसवला असेल तर कॅलिपरही तेवढ्याच प्रमाणात वाढलेत, आणि पुढचा-मागचा तोल साधारण जागेवर राहतो. पण पुढे जुने कॅलिपर आणि मागे एक टनीचे ड्रम, असं केलं तर तोल मागे सरकतो. पिकअपची रिकामी ट्रॉली म्हणजे मागे वजनच नाही. शिवाय या ड्रममध्ये एक शू दुसऱ्याला आवळतो, त्यामुळे ब्रेक जेवढा मागितला त्याहून जास्त मिळतो.

यावर दोन उपाय. एक, मागचे व्हील सिलिंडर त्याच जागी बसणारे पण बारक्या बोअरचे मिळाले तर ते टाकणं. दोन, मागच्या लाइनवर अॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, जो ठराविक दाबानंतर मागचा दाब वाढण्याचा वेग कमी करतो. माझा कल पहिल्या उपायाकडे, कारण त्यात नंतर कोणी नॉब फिरवू शकत नाही. जे काही कराल, रिकाम्या मोठ्या पार्किंगमध्ये, ओल्या जमिनीवर, ताशी ३० मैलांवरून ब्रेक मारून बघा, आणि बाहेर एक माणूस उभा करा. पुढची चाकं मागच्यांच्या आधी अडकली पाहिजेत. उलटं होत असेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नका.

मोठ्या टायरचा हिशोबही लोक विसरतात. ३० इंची टायरच्या जागी ३५ इंची घातली की तोच ब्रेक रस्त्यावर सहावा-सातवा हिस्सा कमी पडतो, कारण चाकाची त्रिज्या वाढली. एक टनी ब्रेक घालूनही "पूर्वीइतकंच थांबतं" असं वाटत असेल तर तिथे कोणी फसवलेलं नाही, वाढलेला जोर टायरने खाल्लाय.

मागे डिस्क बसवली असेल तर

चौदा बोल्टीचे जड ड्रम फेकून तिथे पुढच्या पाऊण टनी अॅक्सलची डिस्क आणि कॅलिपर बसवायची फॅशन आहे. हब उपसण्याच्या त्रासातून सुटका होते, म्हणून मी नावं ठेवत नाही. पण मास्टर ड्रमवाला राहिला तर दोन भानगडी होतात. जुन्या ड्रमच्या मास्टरमध्ये किंवा लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. ड्रमला तो हवा असतो, डिस्कला नको. तो राहिला की मागचे पॅड सतत घासतात, दहा मैलांनी हबला हात लावला तर चटका बसतो. शोधून काढून टाका. दुसरं, व्हील सिलिंडरपेक्षा कॅलिपरमध्ये कितीतरी जास्त ऑइल मावतं. मागच्या सर्किटची छोटी टाकी पॅड झिजत जातील तशी लवकर खाली जाते. डिस्क-डिस्कचा मास्टर घ्या, आणि मोठी टाकी डिस्कच्या सर्किटलाच जोडलीय ना ते बघा. २ पीएसआयचा व्हॉल्व्ह डिस्कला लागतो तो मास्टर कॅलिपरच्या खाली असेल तर, म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकातल्या फ्लोअरखाली मास्टर असलेल्या पिकअपमध्ये. के-१० चा मास्टर फायरवॉलवर असतो, तिथे त्याची गरज नाही.

नवा मास्टर बसवताना

सव्वा इंची मास्टर आला, बोल्ट जुळले, आणि मी आनंदाने आवळणार होतो. मामांनी पुन्हा थांबवलं. "बूस्टरच्या दांड्याचं माप घेतलंस?"

बूस्टरमधून येणारा दांडा मास्टरच्या पिस्टनमधल्या खळग्यात बसतो. खळग्याची खोली सगळ्या मास्टरमध्ये सारखी नसते. पॉवर ब्रेकच्या मास्टरचा खळगा उथळ, बिनपॉवरच्याचा खोल. दांडा आखूड पडला तर पेडलची सुरुवातीची चाल फुकट जाते आणि पुन्हा तेच "एअर आहे" चालू. दांडा लांब पडला तर त्याहून वाईट. मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे ऑइल परतायचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, ब्रेक गरम होतो, ऑइल फुगतं, ब्रेक आणखी आवळतो. गाडी जागच्या जागी घट्ट होईपर्यंत हे चालतं. मास्टर चढवण्याआधी दांड्याच्या टोकावर थोडी माती चिकटवून मास्टर दाबून बघा आणि जाडी मोजा. अर्धा ते एक मिलिमीटर मोकळीक असावी. मी कणकेची गोळी वापरली. स्वयंपाकघरात जवळ तीच होती.

पाइपच्या नटांबद्दल दोन शब्द. ३/१६ इंची पाइपला साधारण ३/८ इंची नट, १/४ इंचीला ७/१६. पण या गाड्यांच्या मास्टरच्या आणि व्हॉल्व्हच्या तोंडांना मोठ्या मापाचेही नट येतात, आणि नव्या मास्टरची तोंडं जुन्यासारखीच असतील असं नाही. जुळणी अॅडॉप्टरने करा किंवा नट बदलून पाइपच्या टोकाची दुहेरी कड (डबल फ्लेअर) नव्याने काढा. आवळून आवळून बसवू नका. कॅलिपरच्या बँजो बोल्टमध्ये (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) तर इंची आणि मेट्रिक दोन्ही आहेत, ७/१६ इंच आणि १० मिलिमीटर. हाताने तीन-चार आटे सहज जात नसतील किंवा बोल्ट आत खुळखुळत असेल, तर तो बोल्ट तिथला नाही. तांब्याचे वॉशर दर वेळी नवे.

ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. माझ्या मागच्या स्टीलच्या पाइपला नखाने खरवडलं तर पापुद्रे निघाले. मी सगळी लाइन तांबे-निकेलच्या मिश्रणाच्या पाइपने नव्याने ओढली. वाकवायला सोपा, गंजत नाही. मधेच गळका तुकडा कापून कॉम्प्रेशन फिटिंगने सांधा जोडणारे लोक मी पाहिलेत. ब्रेकच्या लाइनला ते करू नका.

गाडी उचललेली असेल तर होजही तपासा. दोन्ही चाकं पूर्ण खाली लटकू द्या, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. होज ताणला जात नाही ना, टायरला घासत नाही ना. मधला होज, चेसीवरून मागच्या अॅक्सलवर येणारा, तो सगळ्यात आधी विसरला जातो. आणि जंकयार्डचा होज कितीही चांगला दिसला तरी टाकून द्या. आतलं रबर फुगलं की ऑइल दाबाने आत जातं पण परत येत नाही, आणि एकच चाक घासत राहतं.

ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, सील केलेल्या नव्या डब्यातलं. दोन्ही एकमेकांत चालतात. जांभळं डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळू नका.

आता गाडी

सव्वा इंची मास्टर, दांड्याला एक बारीक शिम, लायनर टाइट. पेडल पहिल्या दाबाला वरच्या तिसऱ्या हिश्श्यात थांबतं. कडक नाही, जुन्या के-१० सारखंच लागतं. मास्टर मोठा झाल्यामुळे दाब १९ टक्क्यांनी कमी झाला, पण कॅलिपर ३२ टक्क्यांनी मोठा, दोन्ही मिळून पॅडवरचा जोर ७ टक्क्यांनी वाढलाय. बायकोने एकदा चालवून बघितली. "आता सोडू का?" म्हणाली, सिग्नलला ब्रेक धरून.

बँजो बोल्ट पन्नास मैलांनंतर पुन्हा एकदा बघितले. उजव्या कॅलिपरला थोडा ओलसरपणा होता, वॉशर बदलला, सुकला. बूस्टर अर्धा टनीचाच आहे, आणि ट्रेलर लावल्यावर त्याची दमछाक जाणवते. एक टनी गाड्यांवर येणारा हायड्रोबूस्ट, जो पॉवर स्टेअरिंगच्या पंपावर चालतो, तो एका भंगारातल्या के-३० वर बघून ठेवलाय.

हँडब्रेक मात्र अजून झालेला नाही. चौदा बोल्टीच्या केबलची टोकं आणि लांबी माझ्या जुन्या केबलशी जुळत नाहीत, मापाची केबल बनवून घ्यायला दिलीय. तोवर उतारावर गाडी लावली की मी मागच्या चाकाखाली लाकडाचे दोन ठोकळे टाकतो, आणि निघताना ते उचलायला विसरतो.